एका सेकंदाची उधारी

ऑक्टोबरात कंपनीचं पत्र आलं. दोनच ओळी:
आमचा सर्व्हर बंद होत आहे,
आजवरच्या सहकार्याबद्दल आभार.
दुसऱ्या दिवशी तिन्ही स्पीकर मुके.
रोख पैसे मोजून घेतलेले, रोज पुसलेले,
पण जीव त्यांचा कुठे तरी लांब, परक्याच्या कपाटात,
गोष्टीतल्या राक्षसाचा पोपटात असतो तसा.

मी चाळीस वर्षं डेअरीतल्या मोटारी दुरुस्त केल्या.
बिघडलेलं लगेच फेकायचं नसतं, एवढंच मला येतं.
स्क्रू काढले. आतली जुनी पट्टी उपसून
पत्त्याएवढा संगणक बसवला.
तार्तूहून नातू फोनवर सांगत होता, राउल,
आजोबा, आता काळ्या पडद्यावर लिहा,
आणि मी एका बोटाने लिहीत होतो.
अक्षर चुकलं की पडदा म्हणायचा,
अशी आज्ञा मला माहीत नाही.
बस, एवढंच.
डेअरीचा फोरमन कधी इतका सभ्य नव्हता.

हा प्रोग्राम कुणाचा रे?
कुणाचाच नाही. म्हणजे सगळ्यांचा.
लिहिला कुणी?
बऱ्याच जणांनी. रात्री, नोकरीवरून आल्यावर.
हे मात्र पटलं. आमच्या गल्लीचा होड्यांचा धक्का
असाच उभा राहिला होता,
ज्याला जेव्हा सवड, त्याने तेव्हा फळी ठोकली.
दोन फळ्या वाकड्या आहेत. पाय पडला की कळतं.

जानेवारीत समुद्र गोठला.
हाप्सालूच्या खाडीवर लोक बर्फाला भोकं पाडून
मासे धरत बसले,
मी घरात भिंतीशी भांडत बसलो.
मधली विटांची शेगडी ऊब सोडते, वायफाय सोडत नाही.
स्वयंपाकघरातला स्पीकर मागे राहायचा,
अर्धा शब्द, ढोलाचा एखादा ठोका,
जिन्यात उभं राहिलं की
एकच बाई दोनदा गायची.
सौनाच्या दाराशी ठेवलेला तर वेगळंच काही बोलायचा.
(तो अजूनही खरखरतो. वाफ असेल.)

साल्मे खिडकीशी.
मेंदूत ती गुठळी झाली तेव्हापासून
तिचे शब्दही असेच येतात, उशिरा, वाट चुकत.
मी विचारतो, मीठ?
आणि ती तोंड उघडेपर्यंत
मी मीठ घालून मोकळा झालेला असतो.
डॉक्टरीण म्हणाली होती, थांबत जा.
मी मान हलवली होती.
मान हलवायला काय लागतं.

राउल म्हणाला, मागच्याला पळवता येत नाही, आजोबा.
पुढच्यांनाच थांबवायचं.
आधी सगळ्यांची घड्याळं जुळवायची,
मग गाणं हातोहात पोचतं,
पण मिळालं तरी कुणी सूर काढत नाही.
एक अख्खा सेकंद.
जो सगळ्यात हळू, त्याला येऊ देतात.

मी लिहिलं: एक हजार.
मग बटण दाबलं.

शहात्तर सालची कॅसेट होती ती, आमच्या डेअरीच्या वृंदाची,
राउलने खरखर धुऊन पाठवलेली.
तिसऱ्या रांगेत साल्मे आहे, खालच्या सुरांत.
काहीच वाजेना.
मी पुन्हा बटणाकडे हात नेला
तर ती माझ्याकडे बघत नव्हती.
तिचा उजवा हात वर उठला होता,
लेइदा धरायची तसा,
बोटं जरा पसरलेली,
साठ माणसांचा श्वास त्या हाताखाली अडकलेला.

मग सगळ्या घराने एकदम तोंड उघडलं.
स्वयंपाकघर, माजघर, सौनाचं ओलं दार,
जिन्यात उभा राहिलो तरी एकच आवाज.
बटाटे शेगडीवर करपत होते, करपू दिले.

गाणं संपल्यावर तिचे ओठ हलले.
बेसूर, ती म्हणाली.
कोण?

मी थांबलो. दहापर्यंत मोजलं,
मग मोजणं सोडून दिलं.
बाहेर कुणीतरी बर्फावरून सायकल ढकलत नेत होतं,
ते चर्चच्या कोपऱ्यापर्यंत गेलं, वळलं.

टेनर, ती म्हणाली.

मी टेनरमध्ये होतो.